पेनेट्रोमीटरने शेताचा घट्टपणा मोजणे: काळ्या मातीत कोणता आकडा खरा धरायचा?

सांवेरवाला
नमस्कार मंडळी. आमचं शेत इंदूरजवळ सांवेर तालुक्यात, सोयाबीन-गहू, दरसालचं तेच. गेले काही पावसाळे बघून राहिलोय, खालच्या तुकड्यात पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, आणि वरच्या तुकड्यात तेच बियाणं तीच पेरणी असून पीक हिरवंगार. गावात सगळ्यांचं एकच, खाली कडक थर बसलाय, सबसॉयलर लावा, म्हणजे खोल फाळाने थर फोडणारं अवजार. आता सबसॉयलर भाड्याने लावायचा म्हणजे डिझेल, मोठा ट्रॅक्टर, सगळंच आलं, म्हणून म्हटलं आधी मोजू तर खरं. ओळखीच्यांकडून हातात धरून खुपसायचा पेनेट्रोमीटर आणला, वर डायल आहे, हिरवा पिवळा लाल असे पट्टे, रॉडवर दर ३ इंचांवर खूण, सोबत दोन टोकं, एक बारीक एक जाड.

मे महिन्यात खुपसला तर चार इंचांवरच काटा लालमधे, आणि पुढे रॉड जाईचना. जुलैत झड लागली तेव्हा त्याच जागी खुपसला तर लोण्यात सुरी, दोन्ही तुकड्यांत काटा हिरव्यातून हलेना. मग यातलं खरं काय समजायचं? काळ्या मातीत हे यंत्र कुणी वापरलंय का? नुसतं "उपयोगाचं नाही" म्हणू नका, वापरलं असेल तर कसं वापरलं ते सांगा.

राऊकर
धाग्याला खूण करून ठेवतोय, आमच्याकडेही हेच चालू आहे. बटाट्याच्या शेतात तर रोटावेटर इतका फिरतो की वरचे पाच इंच भुसभुशीत आणि खाली फरशी.

मातीवाली_ताई
सांवेरवाला दादा, तुमचे दोन्ही आकडे यंत्राने बरोबर दाखवले, फक्त दोन्ही वेळा त्याने घट्टपणापेक्षा ओल जास्त मोजली. टोक मातीत घुसताना जो विरोध होतो तो दोन गोष्टींवर असतो, माती किती दाबली गेलीय आणि तिच्यात पाणी किती आहे. आपली काळी माती म्हणजे फुगणारी-आकसणारी चिकणमाती, ती सुकली की न दाबलेली असली तरी दगड होते आणि चिंब भिजली की दाबलेली असली तरी मऊ लागते. वाळूच्या जमिनीत हा फरक असतोच, पण आपल्याकडे तो इतका मोठा की ओल न बघता घेतलेला आकडा वहीत लिहूच नये असं माझं ठाम मत आहे.

मोजायची वेळ एकच. जमीन वरपासून खालपर्यंत पूर्ण भिजली पाहिजे आणि मग जास्तीचं पाणी निथळून गेलं पाहिजे. हलक्या जमिनीत दमदार पावसानंतर एक दिवस पुरतो, आपल्या भारी जमिनीत दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायच्या जरा आधीची अवस्था म्हणा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तेव्हा, नाहीतर गव्हासाठी पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, देता त्यानंतर. मेमधे कधीच नाही.

आणि ३०० चा आकडा जो सगळीकडे सांगतात, म्हणजे ३०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), लाल पट्टा जिथून सुरू होतो तो, तो याच ओलीसाठी आहे. तेवढ्या विरोधाला बहुतेक पिकांची मुळं पुढे सरकणं जवळजवळ थांबतं. अचानक थांबत नाही हं, २०० च्या पुढे हळूहळू कमी होत जातं. मुळांना जुनी भोकं, भेगा, गांडुळांच्या वाटा सापडल्या तर ती ३०० च्या जमिनीतूनही खाली जातात, पेनेट्रोमीटरचं टोक मात्र सरळ जातं, ते वाट शोधत नाही. म्हणून जोडीला फावडं हवंच.

बखरवाले_काका
ताई बरोबर सांगून राहिल्या. पण मी म्हणतो त्या यंत्राची गरजच काय. बोटाएवढी लोखंडी सळई घ्या, वर आडवा दांडा वेल्ड करा, पावसानंतर खुपसत चला, हाताला कळतं कुठे अडलं. आमचे वडील बैलाचा बखर चालवताना पायाने सांगायचे जमीन कुठे बसलीय. आणि एक फावडं. दीड फूट खड्डा खणा, बाजूच्या भिंतीत चाकूचं टोक वरून खाली टोचत या, कडक थर आपोआप सापडतो.

सांवेरवाला
काका, सळईने कुठे अडलं ते कळेल, पण वरच्या आणि खालच्या तुकड्यात फरक किती ते कसं सांगायचं? आणि पुढच्या वर्षी परत तुलना करायची तर? हातातला जोर रोज सारखा नसतो.

महूकर
मी सिव्हिलवाला, शेती नाही, पण विषय ओळखीचा आहे म्हणून लिहितोय. हे शंकूचं टोक मुळात शेतीसाठी निघालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअरांनी व्हिक्सबर्गच्या केंद्रात ते तयार केलं, चिखलाच्या मैदानातून रणगाडे-ट्रक जातील का रुततील हे सैनिकाला उभ्या उभ्या कळावं म्हणून. ३० अंशाचा शंकू तेव्हापासूनच आहे. पुढे शेतीवाल्यांनी तोच प्रमाण म्हणून घेतला, बारीक टोक साधारण १२.८ मिमी आणि जाड २०.३ मिमी व्यासाचं, आणि घुसवायचा वेग सेकंदाला सुमारे ३ सेंमी.

दोन गोष्टी सांगतो, कारण साइटवर यात गोंधळ बघितलाय. पहिली, आमच्याकडे खिशात मावणारा पेनेट्रोमीटर असतो, चपट्या टोकाचा, जेमतेम ६ मिमी आत दाबायचा, त्याचा काटा ४.५ किलो प्रति चौरस सेंमीपर्यंतच जातो. तो पायाच्या खड्ड्यातल्या चिकणमातीची ताकद बघायला. त्याचे आकडे शेतातल्या शंकूच्या आकड्यांशी लावू नका, वस्तूच वेगळी आहे. दुसरी, एकक. आपल्याकडे मिळणाऱ्या काही यंत्रांवर पीएसआय नसतं, किलो प्रति चौरस सेंमी किंवा किलोपास्कल असतं. ३०० पीएसआय म्हणजे सुमारे २१ किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजेच २००० किलोपास्कलच्या जरा वर.

राऊकर
दोन टोकांपैकी कोणतं लावायचं मग? माझ्या मेव्हण्याकडे यंत्र आहे, डायलवर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, एक बाहेरची एक आतली.

महूकर
त्या दोन ओळी दोन टोकांसाठीच आहेत. बारीक टोक कडक जमिनीला, जाड मऊ जमिनीला. बारीक टोक लावून जाड टोकाची ओळ वाचली की उत्तर दोन-अडीच पटीने फसतं, कारण टोकाच्या क्षेत्रफळात तेवढा फरक आहे.

हिशोब करून बघा म्हणजे यंत्रावर विश्वास बसेल. बारीक टोकाचं क्षेत्रफळ धरा ०.२ चौरस इंच, त्यावर ३०० पीएसआय म्हणजे ६० पौंड, म्हणजे २७ किलोचा जोर. जाड टोकाला तेच ३०० गाठायला ६० ते ६८ किलो लागतात, टोक नक्की किती व्यासाचं त्यावर. म्हणजे अंगाने बारीक माणूस जाड टोक घेऊन लाल पट्ट्यापर्यंत पोचणारच नाही आणि म्हणेल जमीनच अभेद्य आहे. काळ्या मातीला बारीकच लावा. यंत्र तपासायचं असेल तर घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडाचा जाड तुकडा, आणि टोक त्यावर हळूहळू दाबा. डायलवर ३०० आलं की वजनकाट्यावर २७ च्या आसपास दिसायला हवं, फक्त बाथरूमचा काचेचा काटा असेल तर जपून. आणि टोकाची कड झिजून गोल झाली असेल तर बदला, झिजलं टोक कमी दाखवतं.

मातीवाली_ताई
वजनकाट्याची युक्ती फार छान, मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

आता प्रत्यक्ष कसं खुपसायचं ते, कारण खरी गंमत तिथेच आहे. दोन माणसं हवीत. एकाने दोन्ही हातांनी मुठी धरून सरळ उभ्याने दाबायचं, यंत्राच्या अगदी वर येऊन, तिरपं नाही. सेकंदाला इंचभर, फार तर सव्वा इंच, एका लयीत. धक्का दिला की काटा उडी मारतो आणि ती उडी मातीची नसते. दाबणाऱ्याची नजर काट्यावर. दुसरा खाली बसून रॉडवरची खूण बघतो आणि लिहितो.

लिहायचं काय? सगळ्यात जास्त आकडा किती आला हे नाही लिहायचं, सगळे तेवढंच लिहितात आणि त्याचा उपयोग जवळपास शून्य. लिहायची खोली. काटा ३०० च्या वर पहिल्यांदा गेला तेव्हा टोक किती इंचांवर होतं, आणि तसंच दाबत राहिल्यावर परत ३०० च्या खाली आला तेव्हा किती इंचांवर. पहिला आकडा म्हणजे कडक थराचं वरचं तोंड आणि दुसरा म्हणजे तळ. सबसॉयलर किती खोल लावायचा हे त्या दुसऱ्या आकड्यावरच ठरतं. काटा ३०० वर जाऊन परत खाली आलाच नाही तर तो रोटावेटरने किंवा नांगराने घडवलेला थर नाही, खालची जमीन मुळातच तशी आहे किंवा खाली कोरडी आहे, मग तिथे लोखंड घालून काही होत नाही.

एकरी तीन-चार जागा तरी घ्या, नागमोडी चालत. चाकाच्या पट्ट्यात वेगळ्या लिहा, दोन पट्ट्यांच्या मधल्या वेगळ्या. दगड लागला की खडखडतं, ती जागा सोडून हातभर बाजूला. भेगेत टोक गेलं तर काटा एकदम पडतो, तीही सोडा. दर वेळी रॉड पुसा, आपली माती चिकटते आणि रॉडच्या अंगाला घासून आकडा वाढवते. आणि मेडेवर, म्हणजे बांधावर, जिथे कधी ट्रॅक्टर गेला नाही, तिथेही त्याच दिवशी खुपसा, ती तुमची घरची तुलना. माझ्या मते काळ्या मातीत ३०० या आकड्यापेक्षा मेड आणि शेत यांतला फरक जास्त बोलका असतो.

एकूण जागांपैकी किती टक्के ठिकाणी वरच्या १५ इंचांत ३०० ओलांडलं ते काढा. ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर काही करू नका. अर्ध्याच्या वर गेलं तर विचार करा, पाऊण शेताच्या वर गेलं तर गंभीर.

देपालपुर_नाका
मधेच एक विचारतो. ओल सारखी आहे हे कसं ठरवायचं? खालचा तुकडा तर नेहमीच जास्त ओला असणार.

मातीवाली_ताई
नेमका प्रश्न. दोन्हीकडून ६ ते ९ इंच खोलीची माती डब्यात भरा, लगेच वजन करा, मग ओव्हनमधे १०५ अंशावर २४ तास ठेवून परत वजन. पाण्याचं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन. काळ्या मातीत निथळल्यावर हे साधारण ३० ते ३५ टक्के येतं. दोन तुकड्यांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर तुलना चालते, सात-आठ टक्के असेल तर त्या दिवसाचे आकडे सोडून द्या. ओव्हन नसेल तर जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारून बघा, काम छोटं आहे.

महूकर
सोबत घनताही काढता येईल ना? ५ सेंमी व्यासाची ५ सेंमी उंचीची नळी ठोकून, ९८ घन सेंमी माती, वाळवून वजन. १४४ ग्रॅम आलं तर घनता १.४७, आणि भारी चिकणमातीत मुळं अडायची हद्द साधारण तीच धरतात.

मातीवाली_ताई
येते काढता, पण काळी माती ओल्यात फुगते सुक्यात आकसते, त्यामुळे तीच माती दोन ऋतूंत दोन घनता दाखवते. इथेही तेच, ओल लिहिल्याशिवाय घनता लिहू नका.

बखरवाले_काका
हे सगळं ठीक, पण थर बसतो कशाने ते कोणी बोलत नाही. पूर्वी गहू हाताने कापायचे, बैलगाडीने खळ्यावर यायचा. आता पंजाबातून हार्वेस्टर येतो, भरल्या टाकीचा आठ-दहा टन, त्याच्या मागे ट्रॉली शेतात घालतात. सोयाबीनच्या वेळी परतीचा पाऊस झालेला असतो, जमीन ओली, तरी मशीन मिळालं म्हणून घालतात. मग रोटावेटर, दर हंगामात तेवढ्याच खोलीवर. जमीन बोलत नाही म्हणून काय झालं.

मातीवाली_ताई
काका, अगदी मनातलं बोललात. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाक पहिल्यांदा फिरतं तेव्हाच एकूण दाबाचा ७०-८० टक्के भाग होऊन जातो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीने थोडीच भर पडते. म्हणजे "एकदाच तर गेली ट्रॉली" हे म्हणणं खोटं आहे, एकदाच सगळ्यात वाईट. म्हणून चाकांचे पट्टे ठरवून टाकायचे, दर वेळी तिथूनच जायचं, आणि ट्रॉली शेताच्या कडेलाच उभी करायची.

वरवरचा दाब टायरमधल्या हवेवर असतो, ती कमी ठेवून निभावतं. खोलवरचा दाब मात्र एका धुरीवर एकूण किती टन आहेत त्यावर जातो, तिथे रुंद टायरही फारसा वाचवत नाही.

सांवेरवाला
मंडळी, परत आलो. ऑगस्टमधे मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली, भाच्याला वही धरायला घेतलं आणि ताईंनी सांगितलं तसंच केलं. बारीक टोक, वजनकाट्यावर आधी तपासलेलं.

खालच्या तुकड्यात वीसपैकी सोळा जागी ३०० ओलांडलं. वरचं तोंड ५ ते ७ इंचांवर, तळ १० ते ११ वर, त्याखाली काटा परत पिवळ्यात. वरच्या तुकड्यात वीसपैकी पाचच, आणि त्या पाचही चाकाच्या पट्ट्यातल्या. मेडेवर काटा २०० च्या पुढे गेला नाही. ओल खाली ३३ टक्के, वर ३१.

मग काकांचं ऐकून फावडं घेतलं. खालच्या तुकड्यात सोयाबीनचं झाड मुळासकट काढलं तर मधलं मूळ सहा इंचांपर्यंत सरळ आणि तिथून काटकोनात आडवं गेलेलं, बोटभर जाड होऊन. त्या जागेची माती हातात घेतली तर ढेकूळ फुटत नाही, पातळ पापुद्र्यांसारखी आडवी सुटते. मुळांवरच्या नत्राच्या गाठी वरच्या चार इंचांतच, आणि कापून बघितल्या तर बऱ्याच आतून लाल नव्हत्या, म्हणजे काम करत नव्हत्या. वरच्या तुकड्यातलं मूळ खणून संपेना.

राऊकर
वा! हा खरा पुरावा. मग आता लावताय सबसॉयलर?

देपालपुर_नाका
दादा एक मिनिट थांबा. खालचा तुकडा उताराच्या टोकाला आहे ना? पाणी तिथे तसंही येणारच. माझ्या मते उलटंही असू शकतं, तो तुकडा नेहमी ओला राहतो, तुम्ही वरच्यासोबत एकाच दिवशी दोन्हीकडे ट्रॅक्टर घालता, वर वाफसा आलेला असतो आणि खाली अजून चिखल. म्हणजे पाणी तुंबतं म्हणून थर बसला, मग थर बसला म्हणून अजून तुंबतं. नुसता थर फोडला आणि पाण्याला वाट दिली नाही तर फोडलेल्या फटीत पाणी भरेल आणि दोन हंगामांत परत तेच.

मातीवाली_ताई
हे फार मोलाचं सांगितलंत. पाणी आधी काढा. उताराच्या बाजूने चर काढा, आणि सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घ्या, त्याची पेरणीयंत्रं आता मिळतात, खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेत चौकशी करा. सोयाबीनच्या मुळाला पाण्यापेक्षा हवा आधी लागते, गाठींतल्या जीवाणूंना तर नक्कीच. आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर १९२४ मधे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी संस्था उभी केली, जगभर गेलेली इंदूर कंपोस्ट पद्धत तिथलीच, आणि काळ्या मातीत हवा खेळली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षं झाली, आपण त्याच मातीवर दहा टन फिरवून राहिलोय.

सांवेरवाला
चर या हिवाळ्यातच काढतो मग. सबसॉयलर लावायचा तर कधी, आणि किती खोल?

मातीवाली_ताई
मोजायची वेळ आणि फोडायची वेळ एकमेकांच्या उलट आहेत, हे नीट लक्षात घ्या. मोजायचं ओल्यात, फोडायचं सुक्यात. ओल्या काळ्या मातीत सबसॉयलर लावला तर तो थर फोडत नाही, नुसती चीर पाडतो आणि चिरेच्या भिंती लिंपून टाकतो. गहू निघाल्यावर, थराच्या खोलीची म्हणजे तुमच्याकडे ९-१० इंचांवरची माती घ्या, तळहातावर वळा. ३ मिमी जाडीची वळी न तुटता होत असेल तर थांबा. वळताना चुरा होतो तेव्हा लावा.

खोली तळाच्या एक-दोन इंच खाली, तुमचा तळ ११ तर १२-१३ इंच. त्याहून खोल नको, डिझेलही जातं आणि फाळ एका हद्दीच्या खाली माती उचलत नाही, नुसतं बीळ पाडतो. दोन फाळांत अंतर खोलीच्या एक ते दीड पट, म्हणजे फूट-दीड फूट. ट्रॅक्टर ५० एचपीच्या वरचा धरा. त्यानंतर पहिल्या पावसात तिथे काहीही जड घालायचं नाही, आणि जमलं तर एक वर्ष तुरीचं पीक किंवा सोयाबीनमधे तुरीच्या ओळी घ्या, तुरीचं मूळ फोडलेल्या फटी धरून खाली जातं आणि वाट उघडी ठेवतं. शेणखत असेल तर ते याच तुकड्याला आधी.

बखरवाले_काका
आणि वरच्या तुकड्याला हात लावू नका. पाच जागा चाकाच्या पट्ट्यातल्या आहेत, पट्टे तसेच ठेवा.

सांवेरवाला
नाही लावत काका. खालच्या तुकड्यातही मधे एक पट्टा न फोडता सोडणार आहे, म्हणजे पुढच्या ऑगस्टात त्याच ओलीला दोन्हीकडे खुपसून बघता येईल, आणि सोयाबीनची काढणीही वेगळी करून पोती वेगळी मोजता येतील.

मातीवाली_ताई
पट्टा सोडाल तो उताराला आडवा नको, उताराच्या दिशेने सोडा, नाहीतर वरून येणारं पाणी त्याच्यामागे अडेल आणि तुलना बिघडेल. रुंदी निदान हार्वेस्टरच्या दोन पात्यांएवढी. आणि खुंट्या मेडेवर ठोका, शेतातल्या खुंट्या बखरणीत निघून जातात.